सेल्फ मारतोय का?

गाडी चालू होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन लावला, तर जाणता मेकॅनिक आधी एकच प्रश्न विचारतो: ‘सेल्फ मारतोय का?’ गाडी कुठली, किती किलोमीटर चालली, सर्व्हिसिंग कधी झालं, हे सगळं नंतर. या एका प्रश्नाच्या उत्तराने त्याच्या डोक्यातली संशयितांची यादी तिथल्या तिथे निम्मी होते. काल रात्री धडधाकट घरी आलेली गाडी सकाळी हलत नाही, तेव्हा तिच्यात एकदम दहा गोष्टी बिघडलेल्या नसतात. बहुधा एकच बिघडलेली असते, आणि ती कुठली, याचा बराचसा पत्ता किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या किंवा न येणाऱ्या आवाजात असतो. तो आवाज ओळखायला गाडीच्या मालकाने शिकावं, असं मला मनापासून वाटतं. कारण आवाज न ऐकताच अंदाजाने बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ बदलला जातो, आणि खरा दोष निघतो एका सैल झालेल्या टर्मिनलमध्ये.

इंजिन आपलं आपण सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल ओढायचं, ते दाबायचं, ठिणगी टाकायची, जळालेला वायू बाहेर फेकायचा, हे चक्र एकदा लागलं की स्वतःच्या जोरावर फिरत राहतं. पण पहिले फेरे बाहेरून द्यावे लागतात. पूर्वी हे काम माणसाचा हात करत असे. अँबॅसडरच्या पुढच्या भागात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवणारे ड्रायव्हर अनेकांनी पाहिले असतील. त्या हँडलचा उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांची विजेवर चालणारी स्टार्टर मोटर आली आणि हाताचं काम बॅटरीने घेतलं. तिलाच आपल्याकडे सेल्फ म्हणतात. ती इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवते, आणि तेवढ्या वेळात इंजिनाने पेट घेतला की बाजूला होते.

म्हणजे गाडी चालू होण्याचे दोन टप्पे आहेत. आधी इंजिन फिरलं पाहिजे, मग ते पेटलं पाहिजे. फिरतच नसेल तर पेट्रोल, प्लग, फिल्टर यांच्याकडे बघण्यात अर्थ नाही. जोमाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही सुटले. बॅटरीचा दोष पेट्रोलच्या नळीवर आणि पेट्रोलचा दोष बॅटरीवर ढकलत बसल्याने सकाळ वाया जाते. दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे आधी ठरवायचं.

बोनेट उघडण्याआधी दोन मिनिटं आतच बसून बघायचं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फला करंटच जात नाही. ती सुरक्षेची सोय आहे. बटणाने चालू होणाऱ्या मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबावा लागतो, आणि पायाखालची जाड मॅट पेडलच्या मागे दुमडली गेली तर तेवढ्यानेही स्विच दबत नाही. बटणवाल्या गाडीने ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश दाखवला तर किल्लीतला नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. अशा वेळी बहुतेक गाड्यांत किल्ली थेट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी तिला ओळखते. नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते, आणि ते पुस्तक बहुधा समोरच्या कप्प्यात न उघडता पडलेलं असतं.

आता आवाज.

किल्ली फिरवली आणि ‘टक-टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला, तर बॅटरी बसली आहे किंवा तिचा करंट वाटेत अडतो आहे. हा आवाज का येतो, ते कळलं की पुढचं बरंच आपोआप समजतं. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड नावाचा चुंबकी स्विच असतो. त्याला करंट मिळाला की तो सेल्फचा छोटा दातेरी पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि त्याच हालचालीत बॅटरीकडून आलेली जाड केबल मोटरला जोडतो. सोलेनॉइडला खेचून घ्यायला थोडा करंट पुरतो. मोटरला मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. बॅटरी अशक्त असेल तर सोलेनॉइड खेचला जातो, मोटर जोडली जाते, मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, कोसळलेल्या व्होल्टेजवर सोलेनॉइड टिकत नाही आणि मागे सुटतो. मोटरची जोडणी सुटली की व्होल्टेज पुन्हा वर येतं, सोलेनॉइड पुन्हा खेचला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा हे होत राहतं. तो टकटकाट म्हणजे सोलेनॉइड ठीक असल्याची आणि त्याच्यामागे ताकद नसल्याची खूण आहे.

एकच जाड ‘टक’ आणि पुढे शांतता, ही वेगळी गोष्ट. इथे सोलेनॉइड खेचला गेला आणि तसाच धरून राहिला, म्हणजे थोडीफार ताकद आहे. पण मोटर फिरली नाही. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेले असतील, किंवा क्वचित इंजिनच अडकलेलं असेल. ब्रश झिजलेल्या सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोके दिले तर कधी कधी तो एकदा फिरतो. ही युक्ती घरी पोचण्यापुरती. त्यानंतर सेल्फ उतरवून दुरुस्त करून घ्यायलाच हवा. आणि काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्ड लख्ख पेटलेला आहे, तर सेल्फपर्यंत आज्ञाच पोचलेली नाही: फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, गिअरचा किंवा क्लचचा स्विच.

या तिघांतला फरक पक्का करायला एक जुनी चाचणी आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी भिंतीसमोर असेल तर हेडलाइट लावा आणि भिंतीवरचा उजेड बघत सेल्फ मारा. उजेड एकदम मरगळला किंवा विझला, तर बॅटरी किंवा तिची जोडणी. उजेड जराही न हलता तसाच राहिला, तर सेल्फ करंट मागतच नाहीये, म्हणून बॅटरी सोडून त्याच्या वायरिंगकडे जा. उजेड थोडा उतरला आणि इंजिन जड-जड, ओढत फिरलं, तर बॅटरी निम्मी आहे किंवा अर्थिंग खराब आहे.

घरात साधा मल्टिमीटर असेल तर अंदाजाची जागा आकडे घेतात. बारा व्होल्टची म्हणवली जाणारी बॅटरी सहा कप्प्यांची असते आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो; म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा मोठा येतो, कारण चार्जिंगचा वरवरचा फुगवटा ओसरायला काही तास लागतात. पण उभ्या बॅटरीचा आकडा ही अर्धीच कथा. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगून मीटरवर लक्ष ठेवा. व्होल्टेज दहाच्या आसपास टिकलं तर बॅटरी सशक्त. साडेनऊच्या खाली सात-आठवर आदळलं तर ती बारा दाखवत असूनही आतून संपलेली असण्याची शक्यता मोठी.

‘कालपर्यंत तर ठीक होती’, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरंच असतं. बॅटरी हळूहळू झिजते, पण सेल्फला लागणारी ताकद ठरलेली असते. झीज त्या रेषेच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी गाडी उठत नाही. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर चढतात, जाळ्या गंजतात, आणि हे सगळं उष्णतेने लवकर होतं. आपल्याकडे नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बोनेटखालचा ताप बॅटरीचं आयुष्य कमी करतो; तीन-चार वर्षांनंतर तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. झीज उन्हाळ्यात होते आणि उघडी पडते डिसेंबरातल्या एखाद्या थंड पहाटे, कारण थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लागतो.

बॅटरी नवी आणि मीटरवरचा आकडाही चांगला, तरी टकटक चालूच असेल तर टर्मिनल बघा. त्यांच्यावर पांढरी, हिरवट-निळी भुकटी साचते. टाकी काठोकाठ भरलेली असून नळाच्या तोंडाशी कचरा अडकावा, तसं होतं: लहान दिव्यांना पुरेल एवढा करंट झिरपतो, सेल्फला हवा तेवढा लोंढा येत नाही. टर्मिनल हाताने फिरवून बघा. फिरलं तर ते सैल आहे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काढताना आधी वजा, म्हणजे काळी केबल. लावताना ती सर्वांत शेवटी. गाडीचं सगळं लोखंडी अंग वजा टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे आधी लाल टोक सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट सर्किट होऊन पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. भुकटीवर कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओतला की फेस येऊन ती निघते. मग कोरडं पुसून, घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही बघावी. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, ती गंजून तुटलेली सापडते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

बॅटरी खरोखरच उतरली असेल तर जंप देणं हा नेहमीचा मार्ग. क्रम महत्त्वाचा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हा अट्टहास. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर जंप देऊच नका. मदतीची गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. दहा सेकंदांहून जास्त सलग मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापते. गाडी चालू झाली की केबली उलट्या क्रमाने काढा.

चालू झाल्यावर मीटर पुन्हा बॅटरीवर धरा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. साडेबाराच्या खाली घसरत राहिला तर बॅटरीचा दोष नाही. तिला भरणाराच थकला आहे आणि गाडी पुढच्या सिग्नलवर पुन्हा बंद पडेल. काही जण अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरी काढून बघतात. जुन्या गाड्यांत ते खपून गेलं, पण आताच्या गाड्यांत त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज इंजिनाचा संगणक जाळू शकतं. कृपा करून करू नका.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला, दुसऱ्या गिअरमध्ये आणि किल्ली ऑन ठेवून. किल्ली काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होतं, आणि इंजिन बंद असताना ब्रेक फार जोराने दाबावा लागतो. उतारावर हे विसरणं महागात पडतं.

आता दुसरा टप्पा. सेल्फ खणखणीत मारतोय, इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. इथे सर्वांत आधी डॅशबोर्डवरचा किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा बघा. किल्लीत एक चिप असते. गाडीने ती ओळखली नाही तर काही गाड्या सेल्फ मारू देतात पण पेट्रोल बंद ठेवतात. दिवा भरभर मिचकत असेल तर दुसरी किल्ली वापरून बघा. किल्लीच्या जुडग्यातली दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली अगदी जवळ असली तरी गोंधळ होऊ शकतो.

मग कान मागच्या सीटकडे. किल्ली ऑन केली, सेल्फ मारला नाही, की टाकीतला पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा आवाज करून नळीत दाब भरतो. खिडक्या बंद, पंखा बंद करून ऐकलं तर तो बहुतेक गाड्यांत ऐकू येतो. आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि मग पंप. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा आणि पंपाचा रिले अनेकदा एकाच जातीचा असतो. क्रमांक आणि पायांची मांडणी जुळत असेल तर अदलाबदल करून पाहता येतं. गाडी लगेच सुरू झाली तर दोष छोट्या प्लास्टिकच्या डबीत सापडला.

मुंबई-पुण्याच्या सीएनजीवाल्यांसाठी इथे एक कळकळीची सूचना. सीएनजी गाडी बहुधा पेट्रोलवर चालू होते आणि थोडी तापल्यावर गॅसवर जाते. गॅस स्वस्त म्हणून टाकीत महिनोन्‌महिने जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवण्याची सवय पंपाच्या जिवावर उठते. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी पडत आली की तो तापतो, तळाचा गाळ ओढतो, आणि साठून शिळ्या झालेल्या पेट्रोलमधले लवकर पेटणारे घटक उडून गेलेले असतात. मग एके दिवशी गॅसचा सिलिंडर भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही. पाव टाकी पेट्रोल ठेवावं आणि आठवड्यातून काही किलोमीटर त्यावर चालवावी.

पंप वाजतो, तरी पेट नाही, तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत तो थोडा उचलला जातो. मुळीच हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय जातो. इंजिनाचा दांडा नेमका कुठल्या कोनात आहे हे तो संगणकाला सांगतो. त्याचा निरोप आला नाही तर ठिणगी केव्हा टाकायची आणि पेट्रोल केव्हा फवारायचं हे संगणकाला कळत नाही, म्हणून तो दोन्ही थांबवतो. या सेन्सरची एक खोड आहे. आतली बारीक तार तापली की सुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. घाटात गाडी अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते, गॅरेजमध्ये नेईपर्यंत सगळं सुरळीत असतं आणि मालकावर कुणाचा विश्वास बसत नाही. अशा वेळी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून घ्यावा. पी-०३३५ हा कोड निघाला तर दोष या सेन्सरच्या सर्किटमध्ये आहे. पण कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सरकडेच असं नाही. वायर आणि जोडणी तपासल्याशिवाय नवा सेन्सर घालू नये.

पेट्रोलचा वास येत असेल तर वारंवार सेल्फ मारून प्लग ओले झाले असतील. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर संगणक पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकतात. ठिणगी बघायला प्लगची वायर हातात धरण्याचे जुने प्रयोग मात्र नकोत. तिथे हजारो व्होल्ट असतात.

सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, सुसाट, विनाअडथळा फिरल्यासारखा आला तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला की सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही, म्हणून इंजिन सैल फिरतं. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. जितका सेल्फ माराल तितकं नुकसान वाढेल.

डिझेलचं थोडक्यात. तिथे ठिणगी नसते, हवा दाबून तापवलेली असते. थंड सकाळी हीटर प्लगचा गुंडाळीच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबावं. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर नळीत हवा शिरते. ज्या गाड्यांत फिल्टरजवळ हातपंप असतो, तिथे तो घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढावी लागते. फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात वेळच्या वेळी सोडावं.

पावसाळ्याचे दोष वेगळे. उंदीर कोरड्या, उबदार जागेच्या शोधात बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. आदल्या रात्री ठीक असलेली गाडी सकाळी एकदम मुकी झाली तर आधी टॉर्च घेऊन लेंड्या आणि सोललेल्या वायरी शोधा. एअर फिल्टरच्या डब्यातही घरटं सापडतं.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. तुमची गाडी पाण्यात बंद पडली असेल, किंवा पार्किंगमध्ये पाणी बोनेटपर्यंत चढून ओसरलं असेल, तर ‘एकदा मारून बघू’ हा मोह आवराच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जाऊ शकतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बॅटरीची काळी केबल सोडवा, फोटो काढा, गाडी टो करून न्या.

राहिली ती गाडी, जिची बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक, टर्मिनल चकचकीत, तरीही चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. कुठेतरी करंट झिरपतो आहे. घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मरणशक्ती यांना कुलूपबंद गाडीतही थोडा करंट लागतो. ३० ते ५० मिलिअँपिअर चालून जातात. पण ५० मिलिअँपिअरसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास खातात, म्हणजे छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात संपवतात. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच उतरल्या. डिकीतला पाच वॉटचा दिवा पेटता राहिला तर तीन-चार दिवस पुरे. झिरप शोधायला वजा केबल काढून मल्टिमीटर तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये दहा अँपिअरच्या खाचेत जोडतात. दारं, डिकी बंद करतात, किंवा उघडी ठेवायची असतील तर त्यांच्या लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवून गाडीला दार बंद असल्याचं पटवतात. मग अर्धा तास थांबायचं, कारण संगणक लगेच झोपत नाहीत. या काळात सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल. आकडा स्थिरावला की एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजवर आकडा धाडकन खाली येतो, त्याचं सर्किट डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. कुठल्याच फ्यूजवर आकडा हलला नाही, तर बॅटरीवरून थेट तार घेऊन नंतर बसवलेल्या गोष्टी बघायच्या: बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम. त्याही निर्दोष निघाल्या तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून, तिचं टोक कशाला टेकणार नाही असं गुंडाळून, पुन्हा मीटर बघायचा. अल्टरनेटरमधला एखादा डायोड फुटला की गाडी बंद असतानाही रात्रभर उलटा करंट वाहत राहतो.